चार बोटं अलीकडं

रणधीरच्या ढाब्यात गल्ल्याच्या मागच्या भिंतीला दोन खिळे आहेत. आज ते मोकळेच आहेत. गेल्या साली मात्र जेठापासून खंडेनवमीपातूर त्या खिळ्यांवर एक काठी आडवी टांगलेली होती. भरीव वेळवाची, तेल पिऊन काळीभोर झालेली, बुडाला लोखंडी कडं. वरून झेंडूची माळ. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मालक, हे कोणचं दैवत म्हणायचं?"

"बानूबाईची काठी हाय. नवसाला पावती. हात जोडा," रणधीर म्हणायचा, आणि बाकड्यावरची माणसं हसायची.

बानूबाई आमच्याच गावची. वाशी तालुक्यात, तेरखेड्याच्या अलीकडं फाटा लागतो, तिथून आत वळलं की आमचं गाव. बाईचं वय पंचेचाळीसच्या मागं-पुढं. ठेंगणी, काळी, रुंद पंजाची, चालायला लागली की पायाखाली खडी भरडल्यासारखा आवाज. दोनशे मेंढरं तिची आणि तिच्या नवऱ्याची. पण मेंढरांना विचारलं असतं तर त्यांनी एकट्या बानूबाईचंच नाव सांगितलं असतं. नवरा सिदू लई गरीब माणूस. कळपातली एखादी मेंढी त्याच्यापेक्षा जास्त आवाज करायची.

दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून ही दोघं भीमेच्या बाजूला चराईला जातात आणि जेठ लागला की परततात. तशीच गेल्या साली परतली. सकाळी नऊच्या सुमाराला कळप फाट्यावर आला आणि नेमकी त्याच दिवशी रणधीरनं नवी जीप आणली होती.

रणधीरचं दोन शब्दांत सांगायचं तर, अंगानं बैल आणि जिभेनं विंचू. तरणेपणी जत्रेत कुस्त्या मारलेला गडी. आता पोट सुटलेलं, तरी पंजा फावड्याएवढा. जीपला हार घातला होता, चाकाखाली लिंबं ठेवली होती आणि रस्त्यावर फटाक्यांची दहा हजारांची माळ अंथरली होती. फटाक्याच्या कारखान्यांचं तेरखेडं हाकेच्या अंतरावर, आमच्याकडं त्याला काय तोटा!

बानूबाईनं लांबूनच हात वर केला. "रणधीरदादा, वाईच दम धरा! एवढी मेंढरं पुढं काढती, मंग लावा."

"मुहूर्त काय तुज्या मेंढराला इचारून थांबतो व्हय?" असं म्हणून त्यानं उदबत्ती टेकवली.

कळप फुटला. मेंढरं वाट दिसंल तिकडं पळाली. चांदी नावाची मेंढी होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली, आज व्यायची का उद्या अशी भरलेली. ती हायवेवर गेली. ट्रक आला, गेला. थांबला नाही. धूर खाली बसला तेव्हा चांदी पांढऱ्या पट्ट्यावर पडलेली होती आणि तिच्या पोटात काहीतरी थोडा वेळ हलत होतं. मग तेही हलायचं थांबलं.

बानूबाई काठी उगारून रणधीरच्या अंगावर धावली. पुढचं सगळ्या फाट्यानं पाहिलं. काठी वरून खाली आली आणि रणधीरच्या खांद्याच्या चार बोटं अलीकडं थांबली. हवेत. जणू कुणीतरी मधेच दोरी ओढली. रणधीरला आधी कळलंच नाही. मग त्यानं आंबा तोडावा तशी ती काठी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिचीच काठी तिला दोनदा हाणली. पहिली पाठीत. दुसरी कुल्ल्यावर.

पहिलीला माणसं गप्प होती. दुसरीला हसली. हसणाऱ्यांत म्याबी होतो, खोटं कशाला लिहू.

काठी रणधीरनं ठेवून घेतली. संध्याकाळी खिळे ठोकले.

---

चांदीला पुरून सिदू घरी आला आणि म्हणाला, "जाऊ दे गं. मोठ्या माणसासंगं काय वैर धरायचं."

"वैर त्यानं धरलंय," बानूबाई म्हणाली. "म्या निस्तं हातात घेतलंय."

गावातली चार जाणती माणसं रणधीरकडं गेली, चहा पिऊन परत आली. सिदू एकदा गुपचूप काठी मागायला गेला. रणधीर सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "बाईमाणसाची वस्तू बापयाच्या हातात देत नसत्यात. तिला पाठव. काढून घेऊ दे तिच्या हातानं. कोण नको म्हणतंय?"

सिदूनं घरी येऊन तसंच सांगितलं. बानूबाई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "म्या काढणार न्हाय. तो काढंल. दोन्ही हातानं दील. त्याच माणसांम्होरं, जी हसली. आन् खंडेनवमीच्या आत."

खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या धंद्याचं हत्यार पुजलं जातं. सुताराचा वाकस, शेतकऱ्याची कुऱ्हाड, मेंढक्याची काठी. मेंढक्याच्या घरात त्या दिवशी काठीला हळद लागली नाही तर वर्षभर कळपाला धनी नाही असं मानतात. सिदू म्हणाला, दुसरी काठी करू. बाईनं नुसतं पाहिलं. सिदू भाकरी खायला लागला.

तर मुदत ठरली. चार महिने.

---

गावच्या शाळेत त्या साली खेळाची नवीन बाई आली होती, शिवप्रिया नावाची. कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मुरुम गावची पोरगी. घरात कानडी, बाहेर मराठी. तिचे आजोबा महांतप्पा मुरुमला तालीम चालवायचे, तिथं ही पोरांच्या बरोबरीनं मातीत वाढलेली. शाळा सुटल्यावर ती मोठ्या पोरींना तासभर स्वसंरक्षण शिकवायची. मनगट धरलं तर कसं सोडवायचं, मागून कवळ घातली तर काय करायचं, असलं.

शाळेच्या पडक्या भिंतीबाहेर गायरान आहे. बानूबाई तीन दिवस तिथंच मेंढरं चारत उभी राहिली. चौथ्या दिवशी शिवप्रियाच भिंतीजवळ आली.

"मावशी, कोणाच्या पोरीला न्यायला आलाव?"

"कुणाच्या न्हाय. तुमी मनगट सोडवायचं शिकवायलाव, तसं काठीचं येतं का?"

"काठीचं काय?"

"समोरच्यानं काठी धरली तर काय करायचं, ते."

"कोणी धरली?"

बानूबाईनं पाठ फिरवून पदर बाजूला केला. वळ आता पिवळा पडला होता, पण लांबी-रुंदी कळत होती. शिवप्रियानं तिचा पदर परत नीट केला. मग म्हणाली, "हे बगा मावशी, मी जीव वाचवायचं शिकवते. पहिला डाव पळायचा. दुसरा ओरडायचा. हातापायाचं काम त्याच्यानंतर."

"दोनशे मेंढरं टाकून कुठं पळू? आन् वरडले, तर माणसं हसली."

"मग काय पाहिजे तुमाला?"

"सूड."

"ते शाळेत शिकवत नसतेत."

"म्हणून तर म्या भिंतीच्या भायेर हुबी हाय."

शिवप्रियाला हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून पोरींचा तास संपला की ती भिंत ओलांडून गायरानातल्या कडुलिंबाखाली यायला लागली.

आधी बाईचा दम बघावा म्हणून तिनं बैठका मारायला लावल्या. शाळेतल्या पोरी पन्नासात दमून बसायच्या. बानूबाईनं दोनशे मारल्या आणि मधेच एका लांब गेलेल्या मेंढीला हाळीही दिली. दिवसाला सात-आठ कोस चालणारे पाय ते. पंजाही तसाच. कात्रीनं मेंढरं कातरून कातरून बोटं पक्कडीसारखी झालेली. शिवप्रियानं आपलं मनगट तिच्या हातात दिलं आणि लगेच म्हणाली, "सोडा, सोडा मावशी!"

श्वासाचं मात्र शिकवावं लागलं. राग आला की बाई श्वास कोंडून धरायची, आणि श्वास कोंडला की खांदे ताठायचे. शिवप्रियानं सांगितलं, घाव घालताना हूं करून सोडायचा. पाय एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. नजर समोरच्याच्या छातीवर, डोळ्यांत नाही, डोळे फसवतेत. हे सगळं बाईला चार दिवसांत जमलं.

मग शिवप्रियानं ट्रॅक्टरचा जुना टायर लिंबाला बांधला आणि म्हणाली, "मारा."

बानूबाईनं बाभळीची काठी उगारली, हूं केलं आणि हाणली. काठी टायराच्या चार बोटं अलीकडं थांबली.

"मारा की!"

परत तेच. शंभर वेळा तेच. वरून विजेसारखी यायची आणि टायराजवळ आली की पाव्हण्यासारखी दारात उभी राहायची. शिवप्रियानं डोक्याला हात लावला. "अय्यो! मावशी, भीती वाटते का?"

"टायराची?"

मग कारण निघालं. बानूबाईचा बाप वैजनाथ जुन्या वळणाचा मेंढका. ती सहा वर्षांची असताना त्यानं तिच्या हातात काठी दिली आणि सांगितलं, काठी उगारायची, टेकवायची नाही. मेंढराच्या बरगडीला मार बसला तर लोकरीखाली सूज दिसत नाही. जनावर दोन दिवस चरतं आणि तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या मरतं. एकदा तिची काठी चुकून एका कोकराला लागली, तर बापानं तिला रात्रभर वाघरीत, मेंढरं कोंडायच्या जाळ्यात, त्या कोकरापाशी बसवलं होतं. तिथून पुढं चाळीस वर्षं रोज शे-दोनशे वेळा काठी उगारली आणि एकदाही टेकवली नाही. हाताला थांबायचीच सवय. हात डोक्याला विचारत नाही.

शिवप्रियानं लई प्रकार केले. डोळे बांधून मारायला लावलं. टायरावर खडूनं रणधीरचं तोंड काढलं, मिशासकट. "ही चांदीची," असं मोठ्यानं म्हणून मारायला लावलं. "चांदीची!" म्हणून बाई अशी ओरडायची की झाडावरचे बगळे उठायचे, आणि काठी चार बोटं अलीकडं. बाई रडली नाही. पण एका संध्याकाळी तिनं आपल्याच उजव्या हाताला डाव्या हातानं चापट मारली. "मेल्या, तू काय त्याचं मीठ खाल्लंस?"

आषाढ गेला, श्रावण गेला. तिकडं ढाब्यावर काठीची माळ वाळली की रणधीर नवी घालायचा. पोळ्याला त्यानं काठीपुढं पुरणाची पोळी ठेवली. गावातून कुणीतरी मुद्दाम ते बाईला येऊन सांगायचं. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पन्नास बैठका जास्त मारायची.

---

भादवा सरता सरता कातरणी सुरू झाली. शिवप्रिया सुट्टीच्या दिवशी सहज बघायला गेली. बानूबाई एडके कातरत होती. एडका म्हणजे मेंढीचा नर, शिंगाचा, दोन गडी लागतात धरायला. बाईनं एका हातानं त्याची हनुवटी धरली, मान मागं वळवली, गुडघा त्याच्या कुशीला लावला आणि ती नुसती खाली बसली. एवढा थोरला एडका तिच्या मांडीला टेकून बसला, माणूस खुर्चीत बसतो तसा. हूं नाही का चूं नाही.

"परत करा," शिवप्रिया म्हणाली.

"काय करा?"

"आता केलं ते!"

बाईनं दुसरा एडका बसवला. शिवप्रिया कपाळावर हात मारून हसायला लागली. "मावशी, तीन महिने मी तुमाला मारायला शिकवत बसले! हे आधी का नाही दाखवलं?"

"ह्यात काय दाखवायचं? हे तर काम हाय."

शिवप्रियानं तिथंच बाभळीची काठी आणली. "काठी थांबते ना? थांबू दे. त्याला माहीत आहे की ती थांबते. तो परत धरंल. आणि ज्यानं काठी धरली त्याचा हात गुंतला. आता ती काठी सोडवायला बघू नका. उलट सोडूच देऊ नका." तिनं बाईला काठी धरायला लावली आणि तिच्या बोटांवर आपला पंजा गच्च दाबला, काठीसकट. मग काठीचं मोकळं टोक बाईच्या मनगटावरून पलीकडं फिरवलं आणि गुडघे वाकवून खाली बसली. बानूबाईचं मनगट असं पिरगळलं की ती आपसूक वाकली.

"हिडी, तिरगू, कूडू," शिवप्रिया म्हणाली. "आमचे आजोबा असंच मोजायचे. धर, फिरव, बस. हाताचा जोर लावायचा नाही. बसायचं फक्त. एडका बसवता तसं."

त्या दिवसापासून सिदूची साडेसाती सुरू झाली. रोज दिवस कलला की त्याला समोर उभं राहून काठी धरावी लागायची. रोज तो गुडघ्यावर यायचा. "आगं, हळू," तो म्हणायचा.

"रणधीर हळू धरणार हाय का?"

"पर म्या रणधीर न्हाय की!"

"म्हणून तर हात जाग्यावर हाय."

पंधरा दिवस सिदू डाव्या हातानं जेवला. बाई कळप हाकतानाही पुटपुटायची, हिडी, तिरगू, कूडू. पोरं चिडवायला लागली की बानूबाईच्या मेंढरांना कानडी कळायला लागलंय.

नवरात्र बसलं तसं शिवप्रिया एकदाच म्हणाली, "मावशी, त्याचं वजन तुमच्या दुप्पट. डाव चुकला तर दुसरी संधी नाही मिळत. अजून विचार करा."

"केलाय. चार महिने दुसरं काय केलंय?"

---

खंडेनवमीच्या सकाळी बानूबाईनं अंगण सारवलं, पाट मांडला. पाटावर कात्री ठेवली, वाघर ठेवली, मधे हातभर जागा मोकळी सोडली. सिदूला म्हणाली, "पूजा थांबवा. काठी आणती."

"म्या येऊ?"

"मेंढरं कोण बगंल?"

बाभळीची काठी घेऊन ती निघाली. गावातून जाताना माणसं आपोआप मागं लागली. म्याही गेलो.

ढाब्यावर रणधीर जीपची पूजा करत होता. वीस-पंचवीस माणसं पेढ्याला थांबलेली. बाईला पाहून त्याचं तोंड उजळलं. "आली रं, आली! नवस फेडायला आली! काय बानूबाई, नारळ कुठं हाय?"

"माजी काठी दे," ती म्हणाली. जेठात ती त्याला दादा म्हणाली होती. आज म्हणाली नाही.

"काढून घे की. खिळ्यावर हाय."

"तू काढायची. दोन्ही हातानं द्यायची."

"आन् न्हाय दिली तर?" तो आरतीचं ताट बाजूला ठेवून पुढं आला. "मारणार? मार की. कुठं मारतीस? हितं?" त्यानं खांदा पुढं केला आणि माणसांकडं वळून डोळा मारला. दोघं-तिघं हसलेही.

बाईनं काठी उगारली, हूं केलं आणि हाणली. काठी त्याच्या खांद्याच्या चार बोटं अलीकडं थांबली.

"बगा! बगा! परत थांबली!" रणधीर खो खो हसला आणि त्यानं काठी धरली. दोन्ही हातांनी धरली.

इथं मला वाटलं डाव फसला, कारण सिदू रोज एकाच हातानं धरायचा, ते गावाला माहीत होतं. बाई क्षणभर थबकली खरी. पुढं तिनंच सांगितलं की तिच्या मनात आलं, एडक्याला चार पाय असतात, धरावा एकच लागतो. तिनं त्याच्या उजव्या पंजावर आपला डावा पंजा दाबला, काठीसकट. मोकळं टोक त्याच्या मनगटावरून फिरवलं, गुडघा त्याच्या मांडीच्या मागं सरकवला आणि ती बसली. नुसती बसली.

रणधीर खाली आला. आधी एक गुडघा, मग दुसरा. डावा हात कधीच सुटला होता आणि तो त्या हातानं जमीन चाचपत होता.

"सोड! सोड गं, मोडतंय!"

"म्या कुठं धरलंय? काठी तू धरलीस. सोड की."

त्याला सोडता येत नव्हतं. बोटं तिच्या पंजाखाली होती. ढाब्याचा आचारी शिवपुत्र झारा घेऊन धावत आला, त्यानं मालकाचं तोंड पाहिलं, बाईचं तोंड पाहिलं आणि कढईत काहीतरी करपतंय असं म्हणत परत गेला.

बाई थोडं आणखी बसली. रणधीरचं कपाळ जीपच्या चाकाला टेकलं, जिथं लिंबं ठेवली होती तिथंच.

"देशील का?"

"देतो."

"कशी?"

"दोन्ही... आय आय... दोन्ही हातानं!"

तिनं त्याला उठवलं, पण पंजा सोडला नाही. तसाच वाकवून भिंतीपाशी नेला आणि तिथं सोडला. रणधीरनं डाव्या हातानं माळ काढली, काठी खाली घेतली. उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं, तरी तो हात त्यानं काठीखाली लावला आणि दोन्ही हातांनी काठी तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली, कडं तपासलं, पदरानं पुसली.

रणधीर वळून भट्टीकडं जायला लागला.

"थांब," बाई म्हणाली. "दोन ऱ्हायलेत."

त्यानं वळून पाहिलं तर काठी वर गेलेली. ज्या माणसानं मगाशी खांदा पुढं केला होता तो दोन्ही हात डोक्यावर घेऊन भट्टीपाशी उकिडवा बसला. काठी खाली आली. पाठीच्या चार बोटं अलीकडं थांबली. बाईनं दात खाल्ले, परत उगारली. रणधीर "नको गं माय, नको!" असं ओरडला. काठी परत चार बोटं अलीकडं.

पहिलीला माणसं गप्प होती. दुसरीला हसली. या वेळी म्या हसलो नाही. मला त्या दिवशी हसायचा हक्क नव्हता.

बानूबाई आपल्या हाताकडं बघत उभी राहिली. मग रणधीरला म्हणाली, "हात येडा हाय माजा. जनावर समजला तुला."

---

गावात आता वेगळंच चालतं. म्हणतात की बानूबाईचं मन मोठं, हातात आलेल्या वैऱ्याला तिनं माफ केलं. कीर्तनकारानंही तो दाखला दिला. म्या एकदा तिला विचारलं, "बानूबाई, खरं सांग. मारायचं न्हवतं का तुला?"

"कामून न्हवतं? मारायचंच व्हतं! दोन्ही बी हाणायच्या व्हत्या, आन् तिसरी चांदीची. हात थांबला. मेल्याचं नशीब."

शिवप्रियाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मी तुमाला सुटायचं शिकवलं. सूड नव्हता शिकवला."

"व्हय," बाई म्हणाली. "तेवढंच शिकायचं ऱ्हायलंय. त्यो टायर देता का?"

दिवाळी झाली. बिऱ्हाड हललं. गायरानातून सरळ पाऊलवाट आहे, एरवी मेंढरं तिकडूनच जातात. बानूबाईनं कळप मुद्दाम फाट्यावरून काढला, ढाब्यापुढून, सावकाश. मेंढरांनी सगळा रस्ता अडवला. एक जीप, दोन ट्रक आणि लातूरची एसटी खोळंबली. रणधीर दारात उभा होता. हॉर्न वाजवा म्हणाला नाही, फटाका लावला नाही. बाईनं एका चुकार मेंढीवर काठी उगारली तसा तो उंबऱ्याच्या आत सरकला.

सगळ्यात मागं घोडा होता. त्याच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, दोन नवी कोकरं, आणि सगळ्यांच्या वर दोरीनं करकचून आवळलेला ट्रॅक्टरचा टायर. त्यावर खडूच्या मिशा अजून दिसत होत्या.

"टायर कशाला नेताव बानूबाई?" कुणीतरी एसटीतून विचारलं.

तिनं एसटीकडं पाहिलं नाही. ढाब्याच्या दाराकडं बघत म्हणाली, "सात म्हयने हायेत. जेठात ह्याच वाटंनं येणार हाव."